आंघोळ कोण घालणार?

गेल्या आषाढात आमचे अण्णा न्हाणीघरात पडले. या सदराच्या नेहमीच्या वाचकांना अण्णा परके नाहीत. विजेच्या बिलांच्या पावत्या १९७८ सालापासून तारेला ओवून ठेवणारे, आणि दिवाळीचा चिवडा 'यंदा मीठ कमी आहे' असे म्हणत म्हणत डबा रिकामा करणारे आमचे थोरले बंधू ते हेच. वय ८२. पडले म्हणून अर्धांगवायू झाला असे आम्ही समजत होतो. डॉक्टर म्हणाले, उलटे आहे, झटका आला म्हणून पडले. उजवा हात आणि उजवा पाय गेला, वाचा राहिली. 'बोलता येतंय, म्हणजे तुमची सुटका नाही,' असे ते चौथ्या दिवशी म्हणाले, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

रुग्णालयाचे अकरा दिवस निभावले. त्याचे श्रेय एका कार्डाला दिले पाहिजे. ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, त्याचे उत्पन्न न विचारता, आयुष्मान भारत योजनेत घ्यायचे असे २०२४ च्या सप्टेंबरात ठरले आणि ऑक्टोबरच्या अखेरीपासून 'वय वंदना' नावाची कार्डे निघू लागली. योजनेत सामील असलेल्या रुग्णालयात वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा इलाज त्यावर होतो. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड पुरते. मी अण्णांच्या मागे लागून ते काढायला लावले, त्या वेळी 'तुला रिकामपण फार' एवढे प्रशस्तिपत्र मला मिळाले होते. ज्या घरात सत्तरी ओलांडलेले कोणी आहे आणि कार्ड अजून काढलेले नाही, त्या घराने हा अंक बाजूला ठेवून आधी ते काम करावे. लेख कुठे पळून जात नाही.

बाराव्या दिवशी डॉक्टरांनी हसतमुखाने सांगितले, "आता घरी न्या. उपचार झाले. आता फक्त शुश्रूषाच आहे."

त्या वाक्यातला 'च' मला त्या क्षणी कळला नाही.

अण्णांचे घर नाशिकरोडला, जेल रोडच्या बाजूला. खाली तीन खोल्या, मागे एक भाड्याने देण्याजोगी खोली. सातपूरच्या कारखान्यातल्या पगारातून त्यांनी ते विटेवर वीट ठेवून बांधले. नोकरी खाजगी, तेव्हा पेन्शन म्हणजे भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतले. महिना दोन हजार एकशे काही रुपये. मुलगा अंबडला पाळीने कामाला जातो. सूनबाई एका पतसंस्थेत चौदा वर्षे नोकरी करीत होत्या. मुलगी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला. वहिनी जाऊन नऊ वर्षे झाली.

लोखंडी खाट भाड्याने आली, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून हवेची गादी आली, कमोडची खुर्ची आली, दिवसाआड व्यायाम करवून घेणारा मुलगा येऊ लागला. ब्यूरोतून एक मावशी आल्या. दिवसपाळीचे महिना पंधरा हजार सांगितले, नवव्या दिवसापासून त्या यायच्या बंद झाल्या. दुसऱ्या आल्या, त्यांना अण्णा उचलेनात. सूनबाईंनी आधी रजा घेतली, मग बिनपगारी रजा घेतली, आणि मग राजीनामा दिला. राजीनामा दिल्याचे आम्हाला तीन आठवड्यांनी कळले, तेही शेजारणीकडून.

आणि तरीही मूळ प्रश्न सुटला नव्हता. अण्णा सूनबाईंच्या हातून जेवत, औषध घेत, कूस बदलून घेत. पण आंघोळ घालू देत नसत. "मरेन, पण सुनेकडून न्हाणार नाही," असे त्यांनी सांगून टाकले. मुलाची पहिली पाळी असली की पुसून घ्यायचे, एवढेच. एकदा असे सलग सहा दिवस गेले. मी गंगापूर रोडवरून सिटीलिंकची बस पकडून भेटीला जात असे, केळी ठेवत असे, वर्तमानपत्र वाचून दाखवत असे आणि परत येत असे. आंघोळीचा विषय निघाला की मला बसची वेळ आठवे.

अशात एका रविवारी पुतणीचा फोन आला. ती रडत होती. "काका, अण्णा इकडे असते तर सगळी सोय झाली असती हो. माझ्या सासूबाईंना रोज बाई येते, आंघोळ घालते, वेणी घालते. सगळं मेडिकेडमधून."

मी तीस वर्षे बँकेत काढलेली. फुकटची सोय ऐकली की माझा हात आपोआप अर्जाच्या मागच्या बाजूकडे जातो, जिथे बारीक अक्षरात अटी असतात. तिला म्हटले, नीट सांग. तिने सांगितले ते ऐकण्यासारखे होते.

अमेरिकेत मेडिकेअर आणि मेडिकेड अशी दोन जुळी भावंडे आहेत. दोघांचा जन्म एकाच कायद्यातून, १९६५ च्या जुलैत, अध्यक्ष जॉन्सन यांच्या सहीने झाला. मेडिकेअर ६५ वर्षांपुढच्या माणसांसाठी. ते रुग्णालय आणि डॉक्टर यांचे पैसे देते, पण वर्षानुवर्षे आंघोळ घालणाऱ्या बाईचे देत नाही. ते काम मेडिकेडचे, म्हणजे केंद्र आणि राज्य मिळून गरिबांसाठी चालवतात त्या योजनेचे. तिकडच्या बऱ्याच राज्यांनी हे काम आता कंपन्यांकडे सोपवले आहे. न्यू जर्सीने २०१४ पासून. सरकार माणशी दरमहा ठरावीक रक्कम कंपनीला देते, आणि कंपनीने त्यात त्या माणसाची मावशी, दिवसाचे केंद्र, न्हाणीघरातले आधाराचे दांडे, वेळ पडली तर शुश्रूषागृह, असे सगळे पाहायचे. एक ताई नेमून दिलेली असते, ती विचारपूस करते. कंपनीने कमी खर्च केला तर उरलेले कंपनीचे. तेव्हा मावशीचे तास कापण्यावरून कुरबुरी होतात, अपिले होतात. माणसे तिथूनही सारखीच.

पात्रता कशी ठरते? घरी परिचारिका येते आणि विचारते : आजी स्वतः आंघोळ करू शकतात का? कपडे घालू शकतात का? घास तोंडापर्यंत जातो का? शौचास एकट्या जातात का? बिछान्यातून उठून खुर्चीत बसू शकतात का? जितक्या गोष्टींना दुसऱ्याचा हात लागतो तितके पारडे जड.

पण ही निम्मी परीक्षा झाली. दुसरी निम्मी पासबुकाची. न्यू जर्सीत एकट्या माणसाजवळ साधारण २,००० डॉलरपेक्षा जास्त शिल्लक असता कामा नये. राहते घर काही मर्यादेपर्यंत मोजत नाहीत. मात्र पासबुक रिकामे दिसावे म्हणून पैसे मुलांच्या नावे केले असतील, तर मागची पाच वर्षे तपासतात, आणि दिलेल्या रकमेच्या हिशेबाने मदत लांबणीवर टाकतात. शिवाय माणूस गेल्यावर, पंचावन्नाव्या वर्षापासून त्याच्यावर झालेला असा खर्च त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून वसूल करायचा, असा कायदा तिकडे १९९३ पासून आहे. म्हणजे घर राहते, पण दारात सरकार उभे असते. आणि अण्णांना तिकडे नेण्याचे म्हणाल तर ग्रीन कार्ड मिळाल्यावरही सर्वसाधारणपणे पाच वर्षे थांबावे लागते. तेव्हा ८७ व्या वर्षी पात्र होऊन आंघोळ करण्याचा बेत आम्ही सोडून दिला.

फोन ठेवल्यावर मी पुतण्याच्या कंपनीच्या आरोग्यविम्याचे पुस्तक काढले. त्यात आईवडील घातलेले आहेत. अपवादांच्या यादीत जे सापडले ते वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचले. केवळ विश्रांतीसाठी भरती झाल्यास खर्च मिळणार नाही, हे ठीक. पुढे असे की, घरी किंवा शुश्रूषागृहात आंघोळ घालणे, कपडे घालणे, हालचाल करवणे अशा वैयक्तिक मदतीचा खर्चही मिळणार नाही, मग ती मदत शिकलेली परिचारिका करो की साधी बाई. यात एका कंपनीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. अपवादांची ही भाषा विमा नियामकाने २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी ठरवून दिली आहे. मला नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. पुतणीने फोनवर जी यादी वाचली, आंघोळ, कपडे, हालचाल, तीच यादी! तिकडे जी दाखवून आत घेतात, तीच इकडे दाखवून बाहेर काढतात.

मग मी सरकारी योजनांच्या मागे लागलो. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांपुढच्या निराधारांना महिना १,५०० रुपये मिळतात, पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. अण्णांचे नुसते पेन्शनच त्याच्या वर जाते. मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये निघाली, काठी-चष्मा-खुर्ची यांसाठी एकदाच ३,००० रुपये. तिथे दोन लाखांच्या उत्पन्नाची अट आणि पुतण्याचा पगार आडवा. एक सवलत मात्र अण्णांना बिनशर्त लागू आहे. ७५ वर्षांपुढच्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून एसटीचा प्रवास राज्यभर फुकट आहे. हे मी त्यांना सांगितले, तर म्हणाले, "छान. खाटेसकट नेतात का विचार."

असे नाही की जगात कोणी याचा विचारच केलेला नाही. जर्मनीत १९९५ पासून शुश्रूषेचा वेगळा विमा आहे. जपानने २००० साली सुरू केला. चाळिशीपासून प्रत्येकाने वर्गणी भरायची, आणि गरज पडली की अधिकारी घरी येऊन माणसाला किती मदत लागते ते पाहतो. आधी गरीब होऊन दाखवावे लागत नाही. एवढे लांबही कशाला? आपल्या केरळात २००८ पासून सरकारी धोरण आहे, आणि अंथरुणाला खिळलेल्यांकडे ग्रामपंचायतीच्या वतीने परिचारिका घरी येते. आपल्याकडे मधल्या वर्गाचा माणूस दोन पायऱ्यांच्या मध्ये उभा. खालच्या पायरीवर बसायला तो पुरेसा गरीब नाही, आणि महिना पंधरा-वीस हजारांची मावशी ठेवायला पुरेसा श्रीमंत नाही. मग तो काय करतो? तो सुनेला राजीनामा द्यायला लावतो. लावतो म्हणजे, ती देते तेव्हा गप्प बसतो.

गौरी-गणपती झाल्यावर अण्णांनी मला बोलावून घेतले. "घर सूनबाईच्या नावे करायचं आहे. बक्षीसपत्राचं बघ."

बघितले. आणि या कामात जी माहिती मिळाली ती वाचकांनी जपून ठेवावी, पुष्कळ घरांत लागेल. महाराष्ट्रात राहते घर मुलगा, मुलगी, नातू, नात यांना बक्षीस दिले तर मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये, वर अधिभार वेगळा. सुनेला ही सवलत आहे, पण ती विधवा असेल तरच! नवरा धडधाकट असलेल्या सुनेने पुरे शुल्क भरायचे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा उघडला, तर तिथेही तेच. म्हाताऱ्यांना सांभाळण्याची जबाबदारी ज्या अपत्यांवर टाकली आहे त्यांत मुलगा, मुलगी, नातू, नात येतात. सून येत नाही. तिला घालण्याचे विधेयक २०१९ मध्ये आले होते, ते पास झाले नाही. कायद्याच्या हिशेबी आमच्या सूनबाईंनी काहीच करायचे नाही, आणि घरात तर सगळे त्याच करतात.

त्याच कायद्याचे २३ वे कलम फार मोलाचे आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर घर दिले आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते देणे रद्द करून मागता येते. पण अट हवी. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अट सिद्ध झाली पाहिजे असे म्हटले. २०२५ च्या जानेवारीत दुसऱ्या प्रकरणात, कायदा म्हाताऱ्यांच्या हितासाठी आहे तेव्हा त्याचा अर्थ उदारपणे लावा, असेही म्हटले. तरी शहाण्याने दस्तातच स्पष्ट लिहावे. मुलगा पाहत नसेल तर प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, महिना १०,००० रुपयांपर्यंत पोटगी मिळू शकते, आणि मूलबाळ नसलेल्यांना, ज्याला पुढे मालमत्ता मिळायची त्या नातेवाइकाकडून मागता येते. कुठे जावे कळत नसेल तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा सरकारी दूरध्वनी आहे.

मी अण्णांना म्हटले, "अट घालू." ते माझ्यावर उखडले. रिव्हर्स मॉर्गेजचे नाव काढून पाहिले. घर बँकेकडे तारण ठेवायचे, आपण त्यातच राहायचे आणि बँकेने दरमहा पैसे द्यायचे, अशी योजना २००७ पासून आहे. "म्हणजे घर खायचं? तू बँकेतलाच राहिलास!" येथवर आमचे संभाषण आले तेव्हा सूनबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते.

"काका, अट घाला," त्या म्हणाल्या. "पण एकट्या माझ्यावर का? सगळ्यांवर घाला. आणि मला घर नको आहे."

"मग काय हवं?"

"माझी नोकरी. अर्ध्या दिवसाची देतो म्हणालेत पतसंस्थेतले. सकाळी दहा ते दोन. त्या चार तासांत अण्णांजवळ कोण असेल ते मला लिहून द्या. आणि आंघोळ कोण घालणार तेही."

ते शेवटचे वाक्य त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या नाहीत. चहाच्या कपाकडे पाहून म्हणाल्या. मला मात्र बसची वेळ आठवली नाही.

त्या रात्री एडिसनला फोन लावून आम्ही सगळे बसलो. मुद्रांकाचा कागद नाही, पुतण्याच्या मुलीच्या वहीचे पान होते. रडण्यापेक्षा हिशेब सोपा असतो असे मी नेहमी म्हणत आलो आहे. त्या रात्री काही तसे झाले नाही, दोन्ही झाले. मागची खोली भाड्याने द्यायची, ते भाडे आणि पुतणीचे दरमहा पैसे मिळून चांगल्या ब्यूरोची, ताकदीची मावशी ठेवायची. बक्षीसपत्र तूर्त रद्द; घर अण्णांचे आहे, त्यांच्या हयातीत त्यांचेच राहील. मृत्युपत्र करायचे आणि त्यात सूनबाईंचा वाटा त्यांच्या नावाने, त्यांच्या नवऱ्याच्या नावाआड नव्हे. उजवा हात चालत नाही म्हणून अण्णांनी डाव्या हाताचा अंगठा द्यायचा, डॉक्टरांचा दाखला जोडायचा, आणि दुय्यम निबंधकांना घरी येण्याचा अर्ज करायचा. अशक्त माणसासाठी ते येतात, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

आंघोळीच्या रकान्यात पुतण्याचे चार दिवस झाले. मंगळवार, शुक्रवार आणि रविवार रिकामे राहिले. मी पेन घेतले आणि माझे नाव घातले. वय ७१. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "स्वतःचा टॉवेल कुठं आहे ते ठाऊक नाही तुम्हाला!" खरे आहे.

पहिल्या मंगळवारी मी पाणी फार गरम काढले. दुसऱ्यांदा साबण अण्णांच्या डोळ्यांत गेला. तिसऱ्या वेळी मावशींनी मला दाखवून दिले, की लुळ्या बाजूचा हात बाहीतून आधी काढायचा नसतो. काढताना चांगला हात आधी, घालताना लुळा आधी. एवढी साधी गोष्ट! ७१ वर्षांत मला कोणी सांगितली नव्हती. अण्णा डोळे मिटून बसतात. बोलत नाहीत. परवा पाठ चोळताना एकदम म्हणाले, "लहानपणी तू फार रडायचास. उटणं लावू द्यायचा नाहीस."

त्यांना आठवत होते. आमची आई पहाटे पाणी तापवी आणि मला धरून ठेवण्याचे काम अण्णांकडे असे.

नरकचतुर्दशी यंदा कोणत्याही वारी येवो, ती आंघोळ माझी, असे वहीत वर लिहून ठेवले आहे. पहाटे चारला बस मिळत नाही, तेव्हा आदल्या रात्रीच जेल रोडला मुक्कामाला जायचे. उटणे सौभाग्यवतींनी बांधून दिले आहे. प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय ओल्या फरशीवर सरकतात, त्यांना लावायची रबरी बुचे नाशिकरोडच्या दोन दुकानांत मिळाली नाहीत. उद्या मेन रोडला जाऊन बघतो.